दोनशे कुनांची नोट: पॉडकास्टच्या कामाच्या नोंदी

१४ जुलै २०२४

नवीन वही नवीन विषय. झालं असं की मावसभाऊ झाग्रेबला हॉटेलच्या किचनमध्ये दोन वर्षं काढून परत आला आणि माझ्यासाठी एक जुनी नोट घेऊन आला, दोनशे कुनांची (कुना म्हणजे क्रोएशियाचं जुनं चलन). क्रोएशियात १ जानेवारी २०२३ पासून युरो चालतो, त्यामुळे आता त्या नोटेचं दुकानात काही येत नाही, त्यांच्या मध्यवर्ती बँकेत बदलून मिळते म्हणे. हिशोब केला तर साडेसव्वीस युरो. म्हटलं अरे बदलून घ्यायची ना, तर म्हणे "ताई तुला असलं आवडतं म्हणून ठेवली." बरं नोटेवर कोण? राजा नाही, सेनापती नाही, तर शेतकऱ्यांच्या पक्षाचा पुढारी. स्त्येपान रादिच. तिथल्या शेतकरी पक्षाचा संस्थापक, म्हणजे दोघांतला एक, ते पुढे येईल.

सम्याला फोन केला, दोन भागांचा पॉडकास्ट करायचा ठरवलं, तो ऑडिओ बघणार मी स्क्रिप्ट. सध्याचा प्लॅन सोपा आहे: २० जून १९२८, बेलग्रेडच्या संसदेत भर सभागृहात रादिच आणि त्याच्या सहकाऱ्यांवर गोळीबार, तिथून सुरुवात, मग मागे जायचं. सम्या खूश, त्याला बंदुकीचा इफेक्ट टाकायला मिळणार.

१७ जुलै

आज नुसती नावांशी मारामारी. पक्षाचं आत्ताचं नाव ह्र्वात्स्का सेल्याच्का स्त्रांका, आणि हे त्याचं तिसरं नाव. १९०४ ला जन्म झाला तेव्हा मध्ये "पुच्का" होतं म्हणजे लोकांचा, १९२० ला पुच्का जाऊन "रिपब्लिकन" आलं, १९२५ ला रिपब्लिकन पण गेलं. वीस-एकवीस वर्षांत तीन पाट्या. आपल्याकडे फूट पडली की पाटी बदलते, इथे तसं नाहीये, माणसं तीच, बाहेरचं राज्य बदललं की नाव बदलतं. भाग पाडायचे तर नावांवरून पाडता येतील असं वाटतंय.

दुसरा घोळ "सेल्याक" चा. शब्द "सेलो" वरून आलाय, सेलो म्हणजे गाव. म्हणजे खरं तर गावकरी, पण अर्थ शेतकरी. मी आधी रयत लिहिलं, मग कुणबी लिहिलं, मग दोन्ही खोडलं. रयत म्हटलं की समोर राजा उभा राहतो आणि कुणबी म्हटलं की जात. शेवटी शेतकरीच ठेवलं. पण एक लक्षात ठेवायचं, त्यांच्या तोंडी तो शब्द आपल्या "अडाणी, गावंढळ" च्या जवळचा होता, शहरातला माणूस शिवीसारखा वापरायचा, आणि स्त्येपान आणि त्याच्या थोरल्या भावाने तोच उचलून पक्षाच्या नावात घातला.

२१ जुलै

दोन भाऊ. थोरला आन्तुन (१८६८), धाकटा स्त्येपान (१८७१). सावा नदीकाठचं त्रेबार्येवो देस्नो नावाचं गाव, सिसाकच्या बाजूला, घरात अकरा पोरं, स्त्येपान नववा. नजर इतकी अधू की पुस्तक नाकाला टेकवून वाचायचा.

१८९५ मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफ झाग्रेबला आला तेव्हा विद्यार्थ्यांनी भर चौकात हंगेरीचा झेंडा जाळला (क्रोएशिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत, हंगेरीच्या ताब्यात), त्यात हा पुढे. सहा महिने तुरुंग. विद्यापीठातून हाकलला, मग प्राग, तिथूनही बाहेर, शेवटी पॅरिसला जाऊन राज्यशास्त्र पूर्ण केलं १८९९ ला. बायको मारिया, चेक, शिक्षिका. आधीच्या स्क्रिप्टमध्ये मी हे सगळं दोन पानं लिहिलं होतं, वाचताना कळलं की नेहमीची क्रांतिकारकाची गोष्ट होतेय, तरुणपण झेंडा तुरुंग परदेश. अर्ध्या पानावर आणलं.

कारण खरा माल थोरल्याकडे आहे. आन्तुन हा लोकजीवनाचा अभ्यासक. १८९७ मध्ये त्याने गावातलं जगणं कसं टिपायचं याची एक प्रश्नावलीच काढली, घर कसं बांधतात, काय खातात, भांडणं कशी मिटवतात, शेकडो प्रश्न. आणि १८९९ च्या डिसेंबरात एक वर्तमानपत्र सुरू केलं, नाव "दोम". दोम म्हणजे घर. नावाखाली एक ओळ, तिचा अर्थ साधारण असा: क्रोएशियन शेतकऱ्यासाठी, गप्पांसाठी आणि शिकण्यासाठी. गप्पा आधी शिकणं नंतर! मी ही ओळ चार वेळा वाचली. जवळजवळ सगळा अंक आन्तुन एकटा लिहायचा आणि वाचणाऱ्याला उपदेश करत नव्हता, ओट्यावर शेजारी बसल्यासारखं बोलायचा.

२२ जुलै

कालचंच पुढे. आन्तुनचं म्हणणं असं की देशात दोन संस्कृती आहेत, एक गावाची आणि एक साहेब लोकांची, आणि साहेबांची उसनी आहे. शहरी बाबू लोकांना तिथे एक मस्त शब्द आहे, "कापुताशी". कापुत म्हणजे कोट. कोटवाले. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले "मग पांढरपेशे म्हण की, आपला शब्द आहे." शब्द बरोबर आहे पण कोट जातो हातातून, आणि मला कोट हवाय, कारण रंग नाही तर कापड बोलतंय तिथे. कोटवाले फिक्स.

३० जुलै

ऑफिसचं रिटर्न फायलिंग, आठवडा गेला. काही नाही.

४ ऑगस्ट

पाऊस, लाईट गेलेली, मोबाईलवर टाइप करतेय.

पक्षाची स्थापना २२ डिसेंबर १९०४, झाग्रेब. आधीचं वर्ष लक्षात घ्यायला पाहिजे, १९०३ मध्ये खुएन-हेदेरवारी या बानच्या विरोधात (बान म्हणजे तिथला प्रांताचा प्रमुख) गावागावात दंगे झाले, वीस वर्षं बसलेला माणूस गेला एकदाचा, पण दंगा संपल्यावर शेतकऱ्याच्या हातात काय तर काहीच नाही, कारण त्याला मतच नव्हतं. कर भरण्यावर मत ठरायचं आणि जेमतेम दोन टक्के लोकांना मताचा हक्क. शेतकऱ्यांचा पक्ष आणि शेतकऱ्याला मत नाही, आता बोला. १९१० ला मतदार जरा वाढले तेव्हा कुठे नऊ जागा आल्या.

मग ही माणसं पंधरा वर्षं करत काय होती? पेपर काढत होती, सभा घेत होती, गावात वाचायला लावत होती. रादिच नवरा-बायकोने झाग्रेबमध्ये पुस्तकाचं दुकान टाकलं, घर त्यावर चालायचं. सगळ्यांचं लक्ष १९२० नंतरच्या भरभराटीवर असतं, पण बी ह्या मधल्या काळात पेरलं गेलं, जेव्हा निवडणुकीच्या आकड्यात हा पक्ष दिसतही नव्हता. पहिला भाग इथे जास्त थांबणार. सम्याला अजून सांगितलं नाहीये.

९ ऑगस्ट

एकत्र कुटुंबाचा मुद्दा. तिथे त्याला झाद्रुगा म्हणतात, भाऊ-भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, एक घर एक जमीन एक कारभारी. १८४८ ला वेठबिगारी संपली, पैसा आला, कर आला, आणि एकोणिसाव्या शतकात चुली वेगळ्या व्हायला लागल्या, वाटण्या, तुकडे. रादिच भावांना ती झाद्रुगा म्हणजे गावाची मूळ शाळा वाटायची. मला थोडं गोड-गोड वाटतं ते, एकत्र कुटुंबात सासरी राहिलेल्या बाईला विचारा म्हणावं. पण राजकारण म्हणून समजतं, तुकडा-तुकडा झालेल्या माणसाला परत एकत्र आणायचं तर त्याच्या ओळखीचं काहीतरी धरावं लागतं.

१५ ऑगस्ट

सुट्टी, दिवसभर १९१८.

युद्ध संपलं, ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळली, झाग्रेबचे पुढारी सर्बियाच्या राजाबरोबर एक राज्य करायला घाईघाईने निघाले. २४ नोव्हेंबरच्या रात्रीच्या बैठकीत रादिच एकटा उभा राहून बोलला, आणि त्यातलं एक वाक्य तिथल्या पोरासोरांनाही पाठ आहे: धुक्यात शिरणाऱ्या गीझसारखे धावू नका. इथे अडले. गीझला मराठीत काय म्हणू, हंस म्हटलं की नीर-क्षीर-विवेक, एकदम उलटा अर्थ, सरस्वतीचं वाहन धुक्यात धडपडतंय. बदक केलं. "धुक्यात बदकं घुसतात तसे घुसू नका." चालेल.

१ डिसेंबरला राज्य झालंच. सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन लोकांचं राज्य.

मग रादिचने काय केलं तर सह्या गोळा केल्या. पॅरिसच्या शांतता परिषदेला अर्ज, की आम्हाला आमचं शेतकरी प्रजासत्ताक हवंय आणि ते आमच्या निवडून दिलेल्या माणसांनी ठरवू द्या. दीड लाखाच्या वर सह्या, काही आठवड्यात. गावोगाव कागद फिरलाय, बर्फात, आणि सही करायला लिहिता यायला लागतं ना! दोम कशासाठी होता ते इथे वसूल. परिषदेने काही दाद दिली नाही आणि रादिच मार्च १९१९ ला आत. वर्षभर. त्याआधीच फेब्रुवारीत आन्तुन वारला, जेमतेम पन्नाशीचा.

१८ ऑगस्ट

डागणी!! हे सापडलं आणि पहिल्या भागाचा शेवट मिळाला.

सप्टेंबर १९२०. नवीन सरकारने हुकूम काढला की ओढकामाची जनावरं मोजायची आणि त्यांना डाग द्यायचा, लष्कराला लागली तर हिशोब पाहिजे म्हणून. घोडे, बैल. मी स्क्रिप्टमध्ये "पशूंवर मुद्रांकन" असलं काहीतरी लिहिलं होतं, बाबा चहा पिताना म्हणाले "अगं डाग देणं म्हण, मुद्रांकन काय, ते काय स्टॅम्प पेपर आहेत का." बरोबर. मग मी विचारलं की सरकारने तुमच्या बैलाला डाग दिला असता तर? म्हणाले, डाग ज्याचा जनावर त्याचं, एवढं कोणालाही कळतं.

तेच तिथे झालं. युद्धात जनावरं आधीच नेलेली, उरलेल्यांवर आता सरकारचा लोखंडी शिक्का. ब्येलोवारजवळच्या वेलिको त्रोयस्त्वो गावातून सुरू झालं आणि झाग्रेबच्या पूर्वेला गावंच्या गावं उठली, कोयते-काठ्या-शिकारीच्या बंदुका, कचेऱ्या, पोलीस ठाणी ताब्यात. सैन्य आणून मोडलं. आणि गंमत म्हणजे रादिच याला पेटवणारा नव्हताच, त्याचं सगळं राजकारण विना-शस्त्र, त्याच्या प्रजासत्ताकाच्या नावातच "तटस्थ" आहे. पण दोन-अडीच महिन्यांनी, २८ नोव्हेंबरला निवडणूक, आणि आता सगळ्या पुरुषांना मत. २ लाख ३० हजार मतं, ५० जागा. कालपर्यंत मूठभर जागांचा पक्ष क्रोएशियातला सगळ्यात मोठा. ८ डिसेंबरला झाग्रेबला मोठी सभा, तिथे नावात रिपब्लिकन आलं.

१९ ऑगस्ट

सम्याला सांगितलं की गोळीबार पहिल्या भागात येत नाहीये. तो म्हणे "मग लोक ऐकतील कशाला?" मी म्हटलं बैलासाठी. तो हसला, मग म्हणाला ठीके पण लोखंड तापवल्याचा आवाज मी करणार.

२५ ऑगस्ट

दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण आणि इथे मला रादिचवर चिडायला होतंय.

पन्नास जागा मिळाल्या आणि हे लोक बेलग्रेडला (नव्या राज्याची राजधानी) गेलेच नाहीत. बहिष्कार. आमचं प्रजासत्ताक, आमची घटना, आम्ही राजाच्या संसदेत बसणार नाही. त्यामुळे २८ जून १९२१ ला घटना पास झाली ती केंद्र मजबूत करणारी, यांच्या गैरहजेरीत. तत्त्व म्हणून भारी, पण गावच्या माणसाने मत दिलं ते खुर्ची रिकामी ठेवायला का? आणि तरी १९२३ ला मतं दुप्पट, ४ लाख ७३ हजार, ७० जागा! म्हणजे मतदाराला ते पटत होतं. माझ्या चिडण्याला तिथे कोणी विचारत नव्हतं.

१९२३-२४ मध्ये साहेब लंडन, व्हिएन्ना, कोणी दाद देईना, मग मॉस्को. जुलै १९२४ ला पक्षाचं नाव तिथल्या शेतकरी इंटरनॅशनलमध्ये (साम्यवाद्यांनी काढलेली शेतकरी पक्षांची आंतरराष्ट्रीय संघटना) नोंदवलं. साम्यवादी नव्हता तो, देव मानणारा माणूस, पक्षाची घोषणाच "देवावर श्रद्धा आणि शेतकऱ्यांचा एकोपा", फक्त पाद्र्यांनी राजकारणात नाक खुपसलेलं चालत नव्हतं त्याला. पण सरकारला निमित्तच पाहिजे होतं. साम्यवाद्यांवरचा कायदा लावला, आणि जानेवारी १९२५ ला रादिच झाग्रेबमध्ये स्वतःच्याच घरात लपलेला सापडला.

आता पुढचं बघा. जानेवारीत अटक. फेब्रुवारीत निवडणूक, नेता आत, तरी ६७ जागा. मार्चमध्ये पुतण्या पाव्ले रादिच संसदेत उभा राहून सांगतो की आम्ही राजा मानतो, घटना मानतो. नावातून रिपब्लिकन गेलं. जुलैत सुटका. नोव्हेंबरमध्ये स्त्येपान रादिच शिक्षणमंत्री!! एका वर्षात कोठडी ते मंत्रालय. मंत्रिपद पाचेक महिनेच टिकलं, ज्याला त्याला भाषणात धुवायचा, सोबतचे मंत्री पण सुटले नाहीत.

१ सप्टेंबर

चूक सापडली, माझीच. पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं की रादिच संसदेतच वारला. नाही. २० जून १९२८ ला सत्ताधारी रॅडिकल पक्षाच्या पुनिशा राचिच या खासदाराने व्यासपीठावरून रिव्हॉल्वर काढलं, पाव्ले रादिच आणि ज्युरो बासारिचेक जागीच गेले, इवान पेर्नार, इवान ग्रान्जा आणि स्त्येपान रादिच जखमी. स्त्येपानच्या पोटात गोळी. राजा दवाखान्यात भेटून गेला. रादिच झाग्रेबला परत आला आणि ८ ऑगस्टला वारला. सात आठवडे. राचिचला वीस वर्षांची शिक्षा झाली खरी, पण तुरुंग नाही, घरात राहून भोगायची, आणि ऐषारामात.

त्या सात आठवड्यांबद्दल कोणी बोलत नाही. मी त्यावर एक परिच्छेद ठेवलाय फक्त. पुढे ६ जानेवारी १९२९ ला राजाने संसद, पक्ष सगळंच बंद केलं.

१८ सप्टेंबर

गणपतीत कामाला हात नाही लावला. काल विसर्जन, आज घसा बसलाय, रेकॉर्डिंग पुढे.

आणखी एक चूक, माचेकला मी रादिचचा जावई करून टाकलं होतं. जावई आउगुस्त कोशुतिच. व्लाद्को माचेक हा वकील, रादिच गेल्यावर पाचव्या दिवशी अध्यक्ष. शांत, सावकाश, भाषणबाजी नाही.

२२ सप्टेंबर

हे मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण. पक्षावर बंदी आहे, मग काय करायचं? १९३५ नंतर बाजूच्या दोन संस्था जोरात आल्या. एक गोस्पोदार्स्का स्लोगा, पैशापाण्याची: सहकारी खरेदी-विक्री, भाव पडला तर माल एकत्र रोखून धरायचा. (बाबा: "आम्हाला कांद्यात कधी जमलं नाही ते.") दुसरी सेल्याच्का स्लोगा, शिकण्याची आणि गाण्याबजावण्याची. साक्षरतेची मोहीम, ज्याला येतं त्याने शेजाऱ्याला शिकवायचं. आणि गावांचे मेळावे, त्यात नियम असा की तुमच्या गावचा पोशाख, तुमच्या गावचं गाणं, उसनं चालणार नाही. आन्तुनची प्रश्नावली चाळीस वर्षांनी स्टेजवर आली, दुसरं काय. आज झाग्रेबला जो आंतरराष्ट्रीय लोककला महोत्सव भरतो त्याचं मूळ ह्या मेळाव्यांत.

रुदोल्फ बिचानिच म्हणून अर्थतज्ज्ञ होता पक्षात, राजकीय कैदी म्हणून तीन वर्षं काढली, सुटला आणि सगळ्यात दरिद्री डोंगराळ भागात पायी फिरला, लोक काय खातात, मीठ-काडेपेटीला पैसे कुठून आणतात ते बघायला. कोटवाला होता तो. पायी गेला पण.

२९ सप्टेंबर

मतदान कसं व्हायचं त्यावर एक सीन. मे १९३५. गुप्त मतदान नाही. टेबलामागे अधिकारी, बाजूला पोलीस, आणि शेतकऱ्याने पुढे जाऊन मोठ्याने सांगायचं की माझं मत कोणाला. मोठ्याने! उद्या परवाना, कर, पोराची नोकरी सगळं त्याच टेबलाशी. आणि तरी १० लाख ७६ हजार माणसांनी माचेकच्या यादीचं नाव घेतलं, ३७ टक्के. जागा किती तर ३७० पैकी ६७, कारण कायदाच असा की पहिल्या नंबरला आधीच तीन पंचमांश. १९३८ ला ४४ टक्क्यांच्या वर गेले. सम्याला सांगितलंय इथे म्युझिक नको, नुसती खुर्ची सरकल्याचा आवाज.

६ ऑक्टोबर

राहिलेलं भराभर उरकलं. २६ ऑगस्ट १९३९, पंतप्रधान त्स्वेत्कोविच आणि माचेक यांचा करार, क्रोएशियाला स्वायत्त प्रांत, माचेक उपपंतप्रधान. आठवड्याभरात जागतिक युद्ध. वीस वर्षं मागितलेलं मिळालं, हातात राहिलं दीड वर्ष.

१० एप्रिल १९४१. जर्मन सैन्य झाग्रेबमध्ये, उस्ताशांचं (क्रोएशियन फॅसिस्ट) राज्य जाहीर. माचेकने त्यांचं प्रमुखपद नाकारलं होतं, पण त्याचं निवेदन रेडिओवर वाचलं गेलं: नव्या सत्तेला मानून घ्या, सहकार्य करा. हे वाक्य मी मऊ करायला गेले, "परिस्थितीमुळे" वगैरे, मग तो शब्द काढला. पुढे त्यालाच यासेनोवाच्या छळछावणीत टाकलं, मग कुपिनेत्सच्या घरी नजरकैद, हे खरं, पण एवढी मोठी संघटना त्या एका निवेदनानंतर विस्कटली, काही उस्ताशांकडे, काही पार्टिझनांकडे (त्यांच्याशी लढणारे साम्यवादी गनीम), बाकीचे वाट बघत बसले. रक्त नको म्हणणारा पक्ष रक्तपाताच्या वेळी काय करतो, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

१९४५ ला माचेक देश सोडून गेला, १९६४ ला वॉशिंग्टनमध्ये वारला. रादिचची विधवा मारिया मात्र मागेच राहिली, ऑक्टोबर १९४५ मध्ये तिने पेपर काढला, एक अंक निघाला आणि बंद पाडला. परत पेपर! शेवट इथेच करायचा होता मला, पण पक्ष १९८९ ला परत उभा राहिला, २००० मध्ये त्यांचा झ्लात्को तोमचिच संसदेचा सभापती झाला, २०११ ला एक जागा. तीन वाक्यांत घेतलं. शेतात राहणारेच उरले नाहीत फार, नोटेवर मात्र होता २०२२ संपेपर्यंत.

१३ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग झालं. सम्याने गोळीचा इफेक्ट तयार ठेवला होता, ऐकला आणि स्वतःच म्हणाला "राहू दे, चीप वाटतंय." पहिला भाग आता दोमच्या त्या ओळीने सुरू होतो, नुसता आवाज, मागे काही नाही. दुसरा भाग एक्केचाळीस मिनिटांचा झालाय, पाच मिनिटं कापायचीत, मंत्रिपदाचं प्रकरण जाईल बहुतेक. आणि "त्स्वेत्कोविच" मी तीन ठिकाणी तीन प्रकारे म्हटलंय, ते उद्या परत.